वाड्यात आलेली ढोलकी

आमच्या वाड्यात लावणी आली ती रेडिओवरून. दिंडीदरवाज्यातून तिला कुणी आत घेतलं नसतं.

वाडा नारायण पेठेतला. मधे फरसबंद चौक, भोवती बिऱ्हाडं, कोपऱ्यात नळ, आणि साऱ्या वाड्याला ऐकू जाईल असा वाल्व्हचा रेडिओ माडीवरच्या एकाच घरात. परवान्याचं पुस्तक दरवर्षी पोस्टात नेऊन पैसे भरून आणायचे, असा तो मानाचा ऐवज. रेडिओ लागला की खिडकी उघडी ठेवायची, हा कुणी न सांगता पाळला जाणारा नियम होता. त्यामुळे गाणं निवडायचा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, आईकडून वेणी घालून घेताना वरून जे येईल ते ऐकायचं. सत्तरच्या दशकातली तुझी आवडती गाणी कोणती, असं कुणी विचारलं की मी जी नावं घेते त्यांतलं एकही मी स्वतः निवडलेलं नाही. ती आवड वाड्याची आहे, आकाशवाणीच्या केंद्राची आहे, आणि ज्यांनी फर्माईशीची पोस्टकार्डं टाकली त्या अनोळखी माणसांची आहे.

वाड्याचे कान घडले होते ते पुणे केंद्रावर. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांत, १९५५ च्या रामनवमीला, तिथून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, आणि वर्षभर चाललेली छप्पन्न गाणी. आमच्या आजीच्या लेखी गाणं म्हणजे ते. त्याच्या अलीकडे नाट्यसंगीत, पलीकडे अभंग. एवढ्या हद्दीत तिचं सगळं ऐकणं सुखानं चाललेलं होतं. मग १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. साबणाच्या नि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिरातींच्या मधूनमधून चित्रपटगीतं येऊ लागली, आणि फर्माईश करणाऱ्यांच्या यादीत पेठांची नावं कमी नि पिंपरी, भोसरी, हडपसर, दौंड अशी नावं जास्त ऐकू येऊ लागली. आकुर्डीच्या बजाजमध्ये, पिंपरीच्या टेल्कोत कामाला लागलेली सातारा-सांगलीकडची, मराठवाड्यातली पोरं आता पुण्याच्या रेडिओवर आपलं गाणं मागत होती. १९७२ च्या दुष्काळानं आणखी माणसं शहरात आणली. त्याच वर्षी ‘पिंजरा’ आला.

‘पिंजरा’तली लावणी वाड्यात पहिल्यांदा वाजली तेव्हा आजीनं वर बघून हाक मारली नाही. हा तिचा मोठा निर्णय होता. ती एरवी नको ते गाणं लागलं की चौकातूनच ‘अहो, जरा कमी करा’ म्हणायची. त्या दिवशी तिनं विचारलं ते एवढंच, ‘कोण गातंय गं?’ मी म्हटलं, ‘उषा मंगेशकर.’ ‘दीनानाथांची मुलगी ना?’ आणि ती परत ताटातल्या तांदळाकडे वळली. मंगेशकर या नावानं त्या लावणीला आमच्या चौकात पाय ठेवायला जागा करून दिली, असं मला आजही वाटतं. पुढे १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला, घरोघर शुक्रवारचे उपास आणि गूळ-चणे सुरू झाले, तेव्हा त्या आरतीमागचा आवाजही उषाताईंचाच होता. आजीला तो ओळखू आला. ‘हीच ना ती?’ असं म्हणून ती थांबली. लावणीची बाई आणि आरतीची बाई एकच, हे तिनं मनात कुठल्या खणात ठेवलं ते मला कधी कळलं नाही. पण तिनं दोन्ही ऐकलं.

‘पिंजरा’च्या गाण्यांबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण ती नुसती गाजली म्हणून सांगून भागत नाही. संगीतकार राम कदम. मूळचे मिरजेचे, प्रभातच्या वाद्यवृंदात वाजवत वाढलेले, वसंत पवारांच्या हाताखाली तयार झालेले, आणि पुण्यात राहणारे. फडावरची लावणी त्यांना आतून माहीत होती. ती सिनेमात आणताना काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं याचा त्यांचा निवाडा पक्का होता. गाणं उघडतं ते मोकळ्या आलापावर, ताल नाही, ऐकणारा जागच्या जागी सावरून बसतो. मग ढोलकीचा एक तोडा पडतो आणि त्या क्षणी शब्दांना पाय फुटतात. मागे तुणतुण्याचा एकच स्वर सतत चालू. ओळीचं शेवटचं अक्षर झीलकरी उचलतात आणि पुढच्या ओळीच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. व्हायोलिनं आहेत, बासरी आहे, पण ती ढोलकीच्या अंगावर येत नाहीत. कितीतरी चित्रपटांत लावणी म्हणजे ऑर्केस्ट्राला जोडलेली ढोलकी असते. राम कदमांकडे ऑर्केस्ट्रा ढोलकीच्या मागे उभा राहतो.

शब्द जगदीश खेबुडकरांचे. कोल्हापुरातले शाळामास्तर. ‘पिंजरा’ची गोष्टही एका मास्तराचीच, तमाशातल्या बाईपायी स्वतःचं नाव आणि आयुष्य गमावून बसलेल्या माणसाची. व्ही. शांताराम दिग्दर्शक, संध्या नायिका, आणि मास्तराच्या भूमिकेत श्रीराम लागू. या खेबुडकरांचं एक मला फार अपूर्वाईचं वाटतं. ज्या १९७२ साली त्यांनी ‘पिंजरा’च्या लावण्या लिहिल्या त्याच साली ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ या चित्रपटासाठी त्यांनी ‘देहाची तिजोरी’ हे भजन लिहिलं. चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. ते भजन आमच्या वाड्यात पहाटे म्हटलं जायचं, सत्यनारायणाला म्हटलं जायचं, एका शेजाऱ्यांच्या तेराव्यालाही म्हटलेलं मी ऐकलं आहे. आणि दुपारच्या फर्माईशीत लावणी. एकाच हातानं एकाच वर्षी लिहिलेलं. मराठीत हे नवं नाही. पेशवाईतले राम जोशी शेवटी कीर्तनाकडे वळले, होनाजींच्या नावावर शृंगाराच्या लावण्या आहेत आणि सकाळी म्हणायची भूपाळीही आहे. खेबुडकर त्या घराण्यातले.

आणि इथं मला आमच्या वाड्याच्या समजुतीला हात घालावा लागतो. लावणी बाहेरून आली, गावाकडून आली, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर ती याच शहरात नांदलेली होती. शनिवारवाड्याच्या दरबारात शाहिरांना बिदागी मिळत होती. शहरात कलावंतिणींची बावनखणी होती. होनाजी शिलारखाने पुण्याचे. पेशवाई गेली, इंग्रजी शाळा आल्या, आणि पेठांमधल्या पांढरपेशा घरांनी हळूहळू लावणीला दाराबाहेर काढलं. दाराबाहेर म्हणजे फार लांब नव्हे. गणेश पेठेत डुल्या मारुतीच्या बाजूला आर्यभूषण थिएटर होतं, तिथं तमाशाच्या बाऱ्या होत होत्या, ढोलकी वाजत होती. आमच्या वाड्यापासून चालत जाण्याइतकं अंतर. पण त्या बाजूला जाऊ नये एवढंच मुलींना सांगितलेलं असे, का ते सांगितलेलं नसे. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटानं विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक मुक्काम ठोकला होता, म्हणजे पुणेकर ऐकत होतेच. तिकीट काढून, अंधारात बसून. सत्तरच्या दशकानं केलं ते हे, की उजेडात, घरात, सगळ्यांच्या देखत ऐकायची सवय लावली.

या सवयीत ज्यांचा वाटा आहे त्यांची नावं एका जागी मांडली तर मला नवल वाटतं. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेले, तिघेही प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या म्हणजे पीडीएच्या तालमींत घडलेले. स्टेथोस्कोप घेऊन फिरणाऱ्या या मंडळींनी मराठी गाण्याच्या वाटेत एवढी मोठी उलथापालथ करावी हे कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नाच. माणसांचीच एक रांग रंगमंचावर पडदा होऊन उभी राहायची. तीच रांग गायची, नाचायची, क्षणात भजन म्हणायची आणि क्षणात बावनखणीत शिरायची. या नाटकावरून शहरात काय वादळ उठलं ते सर्वांना माहीत आहे. मोजके प्रयोग होऊन पीडीएनं ते थांबवलं, मग त्याच मंडळींनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा उभं केलं. त्या वादात नाना फडणवीस आणि ब्राह्मणांची बदनामी यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. माझं लक्ष मात्र नेहमी त्या गाण्याकडे जातं. अभंगाची चाल नि लावणीची चाल एकमेकींत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण टाळी कशाला दिली. चंदावरकर रविशंकरांचे शिष्य, सतारीचे वादक, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. त्यांनी पुण्याला पुण्याचंच विसरलेलं गाणं ऐकवलं. लोक चिडले त्याचं एक कारण हेही असावं, असं मला वाटतं. परक्यानं शिवी दिली तर माणूस इतका चिडत नाही.

या नाटकाच्या कोरसमधून पुढे आवाज निघाले. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे. यांतला कुणी तेव्हाच्या अर्थानं ‘पार्श्वगायक’ नव्हता. तालमीला संध्याकाळी जमणारी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गाणारी मुलं होती ती. १९७४ साली सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. त्यात चंद्रकांत काळे मेलेल्या भाऊरावांचं काम करीत आणि कीर्तन लावीत. संगीत आनंद मोडकांचं. आणि रामदास फुटाण्यांनी ‘सामना’ काढला तेव्हा चंदावरकरांनी रवींद्र साठ्यांकडून ‘कुणाच्या खांद्यावर’ गाऊन घेतलं. शब्द आरती प्रभूंचे. त्या आवाजात गोडवा मिरवण्याची हौस नाही. रस्त्यावरून चालता चालता शेजारचा माणूस गातोय असं वाटतं. भावगीताच्या सुरेल, घासूनपुसून ठेवलेल्या आवाजांवर वाढलेल्या आम्हा मुलींना हा आवाज सुरुवातीला कोरडा वाटला. नंतर बाकीचे आवाजच जरा जास्त गोड वाटू लागले. ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखरसम्राटाच्या गावची गोष्ट, लागू आणि निळू फुले समोरासमोर. दोघेही पुण्याच्या रंगभूमीनं मोठे केलेले.

पण या दशकातलं माझं सगळ्यात जवळचं गाणं ‘जैत रे जैत’मधलं.

गोष्ट गो. नी. दांडेकरांची. गोनीदा तळेगावला राहायचे, गडकोटांच्या आणि रानवाटांच्या नादात असायचे. ठाकरांच्या वाडीतला नाग्या, त्याचा एक डोळा राणीमाशीनं घेतलेला. त्याला त्या माशीचा सूड घ्यायचा आहे, कड्यावरची पोळी उतरवायची आहेत. आणि चिंधी, जी त्याच्यासाठी आपला संसार सोडून येते. १९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला. मोहन आगाशे नाग्या, स्मिता पाटील चिंधी. स्मिता आमच्याच शहरातली मुलगी, रेणुका स्वरूप शाळेतली. तिला आधी आम्ही मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगताना पाहिलं होतं. १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि मुंबईचं दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं, त्यानंतरची ही गोष्ट. ती बातम्यांतली मुलगी आता कमरेला लुगडं खोचून कातळावर उभी होती.

गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. महानोर अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेड्याचे शेतकरी. ‘रानातल्या कविता’ १९६७ चा. हृदयनाथांनी त्यांच्याकडून ठाकरांच्या मुलखातली गाणी लिहवून घेतली. आणि चाली अशा बांधल्या की चित्रपटाची गोष्ट गाण्यांतून पुढे सरकते. पात्रं बोलतात तितकीच गाणी सांगतात. गाणं कथेच्या मधे येऊन थांबत नाही, कीर्तनकाराच्या आख्यानासारखं कथेला घेऊन चालतं. ढोल आहे, टाळ्या आहेत, समूहाचे हुंकार आहेत, आणि अधेमधे शास्त्रीय गाण्यातली एखादी अवघड जागा अशी सहज येऊन जाते की ती अवघड होती हे गुणगुणायला गेल्यावर कळतं.

‘मी रात टाकली’ या गाण्यात लताबाई आहेत, रवींद्र साठे आहेत, चंद्रकांत काळे आहेत. विचार करा, ‘घाशीराम’च्या रांगेतला आवाज आणि लता मंगेशकरांचा आवाज एका गाण्यात. नवऱ्याला सोडून निघालेली बाई असं काही म्हणते, आणि तिच्याभोवतीची माणसं तिला अडवत नाहीत, उलट तिच्या बोलण्याला ताल देतात. लताबाईंचा आवाज इथं देवघरातला नाही. तो रानात फिरतो. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात होते. बाईनं आपल्या मनानं घर सोडण्याची गोष्ट मी तोवर फक्त दबक्या आवाजात ऐकली होती. वाड्यात अशी एक गोष्ट घडलेलीही होती. ती बाई परत कधी दिसली नाही, आणि तिचं नाव निघालं की भाजीची चौकशी सुरू व्हायची. त्या नाव न घेण्यावर मला पहिल्यांदा राग आला तो या गाण्यानंतर. गाणं ऐकून माणूस बदलतो असं मी म्हणणार नाही. पण कुणाबद्दल वाईट वाटून घ्यायचं, हे मात्र गाण्यानं मला शिकवलं.

या गाण्याच्या तबकडीचं आवरण हातात घेऊन त्याच्यामागची नावं वाचायची, हा माझा तेव्हाचा छंद. संगीतकार, कवी, गायक. ठाकरांचं नाव नाही. ज्यांच्या पायातला ठेका आणि ज्यांच्या तोंडातला हेल त्या चालींत उतरला, त्यांची नोंद कुठं नाही. ढोलकी वाजवणाऱ्याचंही नाव त्या काळच्या तबकड्यांवर क्वचितच असायचं. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात गेलं की अजून त्या ईपी आणि एलपी मिळतात, धुळीनं भरलेल्या, कोपरे फाटलेल्या. मी उलटून बघते. फार थोड्यांवर वादकांची नावं सापडतात. मराठी गाण्याच्या सगळ्या प्रेमात ही एक उधारी राहून गेलेली आहे आणि ती आपण फेडलेली नाही.

तसंच नारायणगावचं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातलं हे गाव, तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाई. पोट दुखू लागलं म्हणून फडाच्या मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कारही आज त्यांच्या नावानं दिला जातो. पण सत्तरच्या दशकात ‘पिंजरा’ची लावणी आमच्या चौकात आली तेव्हा विठाबाईंचा आवाज काही आला नाही. तो कनातीतच राहिला. चित्रपटाच्या वाटेनं आलेली, मंगेशकरांच्या गळ्यातली लावणी आम्ही आत घेतली. फडावरची बाई दाराबाहेरच. म्हणून मी या गाण्यांवर जीव टाकते आणि त्याच वेळी मनाला टोचणीही लागते. दोन्ही खरं आहे, आणि एकामुळे दुसरं रद्द होत नाही.

पुण्यातल्या कवींनीही या दशकात आपल्या अंगणाबाहेरचं गाणं लिहिलं. शांताबाई शेळके इंदापूरच्या, हुजूरपागेत आणि एस. पी. कॉलेजात शिकलेल्या, मृदू बोलणाऱ्या, प्राध्यापक. त्यांनी हृदयनाथांसाठी कोळीगीतं लिहिली, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायलेली, आणि गणपतीच्या दहा दिवसांत लक्ष्मी रोडवर असं मंडळ नव्हतं जिथं ती वाजली नाहीत. समुद्र न पाहिलेली पेठांतली पोरं ‘मी डोलकर’वर नाचायची. सुधीर मोघ्यांचंही तसंच. पुणे केंद्रावर ‘स्वरचित्र’ नावाचा कार्यक्रम असे, त्यात नवं गाणं ऐकवलं जाई. त्यासाठी मोघ्यांनी ‘सखी मंद झाल्या तारका’ लिहिलं आणि राम फाटकांनी चाल दिली. आकाशवाणीवर ते आधी भीमसेन जोशींनी गायलं आणि तबकडीवर सुधीर फडक्यांनी. रात्रीच्या शेवटच्या प्रहराचं, कुजबुजल्यासारखं गाणं. याच राम फाटकांनी भीमसेनांच्या गळ्यातून ‘तीर्थ विठ्ठल’ घराघरांत पोचवलं. आणि याच मोघ्यांनी १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटासाठी ‘गोमू संगतीनं’ लिहिलं. आशाबाई आणि हेमंतकुमार. माझी काकू ते गाणं लागलं की हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. कवी पुण्याचा, भाषा किनाऱ्यावरची, पुरुषाचा आवाज बंगाली, आणि ऐकणारी नारायण पेठेतली काकू. आपली माणसं म्हणजे कोण, याची हद्द त्या तीन-चार मिनिटांपुरती तरी रुंदावायची.

दादा कोंडक्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जरी आमच्या घरी ते नाव जेवणाच्या वेळी काढायचं नसे. ‘सोंगाड्या’ १९७१ चा. तिथंही संगीत राम कदमांचंच. ‘पांडू हवालदार’पासून, म्हणजे १९७५ पासून, राम-लक्ष्मण आले. द्वयर्थी शब्दांवरून पेपरांत टीका व्हायची. मला विचाराल तर त्या गाण्यांतले काही शब्द मला आजही आवडत नाहीत. पण मळ्याच्या, विहिरीच्या, बांधाच्या त्या चाली अस्सल होत्या. भोरजवळच्या गावचा, मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस गाणं कुणासाठी करतोय हे त्याला नक्की माहीत होतं. आमच्याकडे दूध घालायला येणारा मामा ती गाणी शीळ घालत चौकातून जायचा. तोही ऐकणाराच होता, आणि रेडिओवरचं गाणं जितकं आमचं तितकंच त्याचं.

हिंदी गाण्यांनी तर सारं दशक व्यापलेलं होतं. बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’, पायदान कुणाचं वर गेलं यावर दुसऱ्या दिवशी शाळेत पैजा. सिनेमागृहाबाहेर काही पैशांना मिळणारी गाण्यांची पातळ पुस्तकं. आमच्या शहरातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली जया भादुरी ‘गुड्डी’त शाळेची प्रार्थना म्हणताना दिसली. वसंत देसाईंच्या चाली, वाणी जयराम यांचा नवा आवाज. आणि शहराबाहेर लोणी काळभोरला राज कपूरांची शेती, जिथं ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ चित्रित झाला. आणीबाणीत किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून अचानक नाहीशी झाली. वाड्यात राजकारण कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण गाणं का लागत नाही हे मात्र सगळे एकमेकांना विचारायचे. माझ्या पिढीतल्या कित्येकांना आणीबाणी पहिल्यांदा कळली ती अशी, एका आवाजाच्या गैरहजेरीतून.

दशकाच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. १९७८ मध्ये थिएटर अकादमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून बेतलेला. त्यात चंदावरकर, मोडक आणि नंदू भेंडे अशा तिघांचं संगीत, म्हणजे नाट्यगीत, लावणी आणि रॉक एकाच रात्री. आणि १९७९ मध्ये ‘अष्टविनायक’ आला. वसंतराव देशपांड्यांचा आवाज पुन्हा घरोघर, आणि आजीच्या पिढीला हायसं वाटलं. याच सुमारास कॅसेट आली. घराघरात ज्याचा त्याचा टेपरेकॉर्डर झाला. माडीवरची खिडकी कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे वाडाही पडला, तिथं आता इमारत आहे.

महानोर ३ ऑगस्ट २०२३ ला पुण्यातच गेले. त्या दिवशी आम्ही काही जण एका मैत्रिणीकडे जमलो आणि ‘जैत रे जैत’ची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मधे कुणी बोललं नाही. तबकडी संपल्यावर मैत्रिणीच्या सुनेनं विचारलं, हे गाणारे सगळे एकाच खोलीत उभे राहून गायचे का? तिनं आयुष्यात कधी एकापेक्षा जास्त माणसांना एका मायक्रोफोनसमोर पाहिलेलं नव्हतं. मग त्यावर पुढची सगळी संध्याकाळ गेली. कोरसला चुकायची मुभा कशी नसे, एकजण चुकला की सगळं गाणं पहिल्यापासून कसं घ्यावं लागे, त्यासाठी आधी किती तालमी होत.

माझी भाची कोथरूडला लावणीच्या वर्गाला जाते. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, त्याचं कौतुक आहे. यंदाच्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात ती ‘पिंजरा’च्या गाण्यावर नाचली. पण तालीम सुरू असताना फोनवर कुणी तरी नव्यानं केलेली, खाली जाड बीट टाकलेली आवृत्ती वाजत होती. आई थोडा वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, ‘हे बंद कर बाई. मूळचं लाव. ढोलकी कुठं पडते ते ऐक आधी, मग पाय उचल.’ भाचीनं मूळचं लावलं. आलाप संपेपर्यंत ती उभी राहिली, ढोलकी पडली, आणि पहिलं पाऊल तिचं चुकलं. ‘परत,’ आई म्हणाली.